उणे चोपन्न

कल्पिता भोईर चाळिशीला टेकली आणि तिने अर्धवट सुटलेली बी.एस्सी. पुन्हा धरली. नवरा हितेश म्हणाला, "शिक की, अडवलंय कोणी?" मग ती माजिवड्याहून रोज कळव्याच्या कॉलेजात जायला लागली. प्रॅक्टिकलला तिची जोडीदार होती डोंबिवलीची सान्वी, तिच्या लेकीच्या वयाची.

त्या दिवशी ॲसिड आणि कॉस्टिक सोडा एकत्र केल्यावर किती उष्णता बाहेर पडते, म्हणजे एन्थाल्पी किती बदलते, ते मोजायचं होतं. सान्वीने ॲसिडमध्ये सोड्याचं द्रावण ओतलं. कल्पिता बीकर हातात धरून ढवळत राहिली. थर्मामीटरचा पारा भराभर चढला आणि थांबला. आकडेमोड केली तर उत्तर आलं उणे पंचेचाळीस. उष्णता बाहेर पडली की उत्तर उण्यातच मांडतात, पण पुस्तकात होतं उणे सत्तावन्न.

"काकू, सगळ्यांचं सत्तावन्नच आलंय," सान्वी कुजबुजली. "सीनियरच्या जर्नलमधून छापतायत. आपण पण टाकू ना, विषय संपला."

"अगं, पारा आपण दोघींनी बघितलाय. तो कुठे चढला एवढा?"

तेवढ्यात नीला मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. कल्पिताने सांगून टाकलं, "मॅडम, आमचं कमी आलंय."

"मग उरलेली उष्णता गेली कुठे?"

कल्पिताने आपल्या तळव्याकडे बघितलं. "माझ्या हातात गेली असेल. बीकर चांगला कोमट लागत होता."

मॅडम मनापासून हसल्या. "अगदी बरोबर! थोडी काचेने खाल्ली, थोडी तुम्ही, थोडी हवेने. आता तिला पळू न देता पुन्हा मोजा बघू."

मग सान्वीलाच चेव आला. ती कँटीनमधून चहाचे कागदी कप घेऊन आली. लॅबमधल्या गुणाजीमामांनी नव्या वजनकाट्याच्या खोक्यातला थर्मोकोलचा ठोकळा काढून दिला. कल्पिताने त्यात खळगा कोरला, एकात एक घातलेले कप घट्ट बसवले, दोन्ही द्रावणं ओतून वर पुठ्ठ्याचं झाकण ठेवलं. या वेळी कोणी हात लावला नाही. दोघी पाऱ्याकडे बघत बसल्या.

"काकू, वर जातोय! अजून जातोय!"

उत्तर आलं उणे चोपन्न. मॅडमनी दोन्ही उत्तरं जर्नलमध्ये लिहायला सांगितली आणि दोन्हींखाली सही केली. शेजारच्या टेबलावरची मुलं हळूच येऊन ठोकळा मागून घेऊन गेली.

कँटीनमध्ये मिसळ येईपर्यंत कल्पिताला धीर निघेना. तिने हितेशला फोन लावला. "अहो, उणे चोपन्न आलं!"

हितेश जपून म्हणाला, "उणे मार्क? एवढं काय चुकलं गो? जाऊ दे, मनाला लावून घेऊ नको. पुढच्या वेळेला भरून निघेल."

कल्पिताला हसू आवरेना. सान्वीने मिसळीची प्लेट पुढे सरकवली, आणि कल्पिता पहिल्यापासून सगळं सांगायला लागली.