मास्तरांची सोनेरी लोरा

मासातेपे गावात चर्चच्या मागे निकानोर मास्तरांचं केस कापायचं दुकान होतं. तिथल्या खुर्चीत बसायचं म्हणजे आपल्या तब्येतीचे वाभाडे काढून घ्यायची तयारी ठेवूनच बसावं लागे. मास्तर नुसता कंगवा फिरवत आणि विचारत, "राजमा खातोस की नुसताच भात? केस बघ कसे काथ्यासारखे झालेत." एकदा एका सुताराला ते म्हणाले, "भुवया विरळ होतायत, दवाखाना गाठ." सुताराला खरंच थायरॉइड निघालं. तेव्हापासून मास्तर जरा हवेतच असत.

त्यांचं दुसरं भूषण म्हणजे मारुका. ही लोरा, म्हणजे पोपटाची मादी, एकोणीस वर्षं दुकानाच्या दारातल्या दांडीवर बसत होती. मास्तरांची बायको वारली, मुली राजधानीला, मानाग्वाला गेल्या. घरात बोलायला उरली ती हीच. खुर्ची रिकामी झाली की ती ओरडे, "पुढचा!" आणि गिऱ्हाईक मुकाट्याने उठे. मानेवर पिवळा पट्टा असलेली लोरा बोलकी, आणि पिवळं जितकं जास्त तितकी ती भारी, हे त्या भागात पोरासोरांनाही ठाऊक. मारुकाचं पिवळं तर दोन वर्षांत मानेवरून पाठीवर उतरलं होतं, पंखांवर ठिपकेही उमटले होते. लांबून लांबून लोक बघायला येत. "सोनं होतेय माझी पोर," मास्तर छाती फुगवून सांगत. येणारा प्रत्येकजण सूर्यफुलाच्या मूठभर बिया तिच्यापुढे टाकी. दुपारी तीन वाजता मास्तर गोडमिट्ट कॉफी घेत. त्यात बुडवलेला अर्धा पाव त्यांचा, अर्धा तिचा. त्यात एका दिवसाचाही खंड नव्हता.

एका सोमवारी कुत्र्यांना रेबीजची लस टोचत गल्लीतून फिरणारी डॉक्टरीण दारात थबकली. नाव याओस्का, वय तिशीच्या आत, खांद्याला बर्फाची पेटी. तिची नजर मारुकाच्या पाठीवर खिळली.

"ही पिवळी कधीपासून व्हायला लागली?"

"दोन वर्षं झाली. आधीच सांगून ठेवतो, विकायची नाही!"

"मास्तर, ही आजारी आहे."

खुर्चीत गालाला फेस लावून बसलेला आन्सेल्मो फिस्सकन हसला. मास्तर हसले नाहीत.

"मानेवरचं पिवळं हिचं जन्माचं," याओस्का म्हणाली. "पाठीवरचं नाही. हिरव्याच्या जागी पिवळं येतंय, कडा काळ्या पडल्यात. चोच वाढलीय, तिचे पापुद्रे सुटतायत. छातीचं हाड हाताला लागतं का बघा. नाही ना? सगळी चरबी आहे. खायला काय देता?"

"बिया. कॉफीतला पाव. लाडाची आहे ती."

"कॉफी? पाखराला? यकृत थकलंय हो तिचं. हे असंच चाललं तर वर्ष काढेल की नाही, मी सांगू शकत नाही."

"बाई, तुम्ही आपल्या कुत्र्यांना सुया टोचा," मास्तर तडकले. "एकोणीस वर्षं मी सांभाळलीय तिला."

याओस्काने पेटी सावरली. "केस बघून माणसाचं दुखणं ओळखता म्हणे तुम्ही. एकदा हिची पिसंही बघा." एवढं बोलून ती पुढच्या घराकडे गेली.

हे मात्र मास्तरांना झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत त्यांनी चष्मा लावला आणि खुर्चीत बसलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं मारुकाकडे बघितलं. तिच्या प्रत्येक श्वासाला शेपटी खालीवर होत होती. नाकपुड्या ओल्या होत्या. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की गेले चार दिवस "पुढचा!" ही आरोळी ते स्वतःच मारत होते. लोरा गप्प झाली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. गावभरच्या माणसांचे केस वाचणाऱ्या मास्तरांना स्वतःची लाज वाटली. दुकानाला कुलूप घालून, मारुकाला टोपलीत ठेवून, टोपली छातीशी धरून, ते याओस्काच्या दवाखान्यात पोचले.

याओस्का कालचा एक शब्दही बोलली नाही. तिने रक्त घेतलं, चोच घासली, औषधाचे थेंब लिहून दिले. "पाव आणि कॉफी आजपासून बंद. बिया एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा. दर आठवड्याला वजन करा, भराभर उतरलं तर लगेच या. अवोकाडो चुकूनसुद्धा नको, विष आहे तिला. भोपळा, गाजर, ढोबळी मिरची, पालेभाजी द्या."

"खाणार नाही ती."

"नाहीच खाणार. तिचं माणूस जे खातं ते ती खाते. तिच्यासमोर तुम्ही खा."

मास्तरांचा चेहराच पडला. दुसऱ्यांच्या ताटातला राजमा मोजणाऱ्या या माणसाने बासष्ट वर्षांत तळलेलं डुकराचं मांस आणि पाव सोडून फारसं काही खाल्लं नव्हतं. पालेभाजी म्हणजे गुरांचं खाणं, असं त्यांचं ठाम मत.

पण जीव अडकला होता. भिंतीवर पाटी लागली : "मारुकाला काही देऊ नका." तीन वाजता मास्तर दांडीसमोर स्टूल टाकून बसत आणि कच्चं गाजर कडाकडा चावत, तोंडाने "वा! वा!" करत. मारुका गाजराचा तुकडा उचले, नीट बघे आणि खाली बसलेल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात टाकी. आन्सेल्मोला तर चेवच चढला. "मास्तर, उद्या दाढीला येऊ की गवत घेऊन येऊ?"

"वस्तरा माझ्या हातात आहे," मास्तर म्हणत, "जपून बोल."

शेजारच्या ब्लासिनाबाईंच्या किराणा दुकानातल्या तराजूवर दर शनिवारी लोरा तोलली जाई. वजन बेताबेताने उतरत होतं. धास्ती मात्र होतीच. रोज सकाळी मास्तर आधी शेपटी बघत, मग नाकपुड्या, मग विष्ठा, आणि मगच स्वतःचं तोंड धूत. कॉफी ते आता परसात लपून पीत, चोरासारखे.

पाचव्या आठवड्यात ते लाल ढोबळी मिरचीचा तुकडा ओठात धरून कुणाचे तरी कल्ले सारखे करत होते. मारुका दांडीवरून सरकत आली, मान लांबवली आणि तो तुकडा त्यांच्या तोंडातून काढून घेऊन खाल्ला. सगळा. मास्तर कात्री धरून तसेच उभे राहिले. डोळे भरून आले होते आणि ते पुसायचीही त्यांना शुद्ध नव्हती. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता. त्या गिऱ्हाइकाचा एक कल्ला वर गेला तो गेलाच.

पिसं मात्र आपल्या वेळेनेच झडतात. पाठीवर नव्या पिसाची एक हिरवी सुई फुटली, मग दुसरी. श्वास शांत झाला, शेपटी स्थिर झाली, आणि "पुढचा!" म्हणून गिऱ्हाइकांवर तिचं खेकसणंही पुन्हा सुरू झालं.

आठ महिन्यांनी फाउस्तिनो कोस्टा रिकातली ऊसतोड संपवून गावी आला आणि केस कापायला बसला. दाराकडे बघून त्याने कपाळाला हात लावला.

"अरेरे, मास्तर! सगळं सोनं गेलं की हिचं! साधी हिरवी झाली. आजारी आहे का?"

कात्री थांबली. मास्तरांनी आरशातून हिरव्यागार मारुकाकडे बघितलं.

"नाही रे," ते म्हणाले. "आजारी होती तेव्हा तुम्ही सगळे बघायला येत होतात. आणि मी दाखवत होतो."

मग त्यांनी फाउस्तिनोची मान हळूच पुढे वाकवली आणि कापायला सुरुवात केली.