मारेनची आठवी

मारेन आणि अँडर्स ही जुळी भावंडं. मारेन काही मिनिटांनी थोरली, आणि त्या मिनिटांचा तोरा ती रोज मिरवायची. घोड्यावरून पडून तिच्या कंबरेचं हाड मोडलं, सहावीचं वर्ष बिलिंग्जच्या इस्पितळात गेलं आणि शाळेनं तिला पुन्हा सहावीत बसायला सांगितलं, तेव्हा हाडापेक्षा तिला हेच जास्त लागलं. अँडर्स सातवीत आणि आपण त्याच्या मागे?

"मेले तरी नाही," ती म्हणाली.

आईनं, म्हणजे जॅनेलनं, तिला शाळेतून काढलं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मेंढ्या पाळणाऱ्या घरांत पोरांना घरी शिकवणं काही नवलाचं नाही. नवल होतं ते मारेनच्या हट्टाचं. एका वर्षात सहावी नि सातवी, दोन्ही, आणि पुढच्या ऑगस्टात शाळा उघडली की अँडर्सच्या शेजारी आठवीत. मुख्याध्यापक प्रुइट ऐकून हसले. "घरी बसून काय, कुणीही काहीही पुरं करतं, बाळ."

त्या 'बाळ'वर ती वर्षभर धुमसत राहिली. नाताळाच्या आत तिनं सहावी उरकली. सातवीची पुस्तकं मात्र अँडर्सच्या दप्तरात होती, आणि अँडर्स काही फुकट देणाऱ्यातला नव्हता.

"संध्याकाळी पुस्तकं तुझी," तो म्हणाला. "गृहपाठही तुझाच."

"माझा कसा? तुझा आहे तो!"

"तू करायचा, मी उतरवून काढायचा. मला बास्केटबॉल असतं गं."

मारेनला सौदा पटला. सातवी तिला करायचीच होती, ती दोन वह्यांत गेली तर बिघडलं कुठे? जॅनेलला यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं.

ऑगस्टात तिघं शाळेत गेली. प्रुइट यांनी मारेनची परीक्षा घेतली, समोरच पेपर तपासला. ती पास झाली. तरी त्यांची मान नकारार्थीच हलत होती.

"गणित झकास. पण वर्गात बसून लिहायची सवय वेगळी असते. सातवीत बसू दे हिला. हिच्याच भल्यासाठी सांगतोय."

"पास झाली ना ती?" जॅनेलचा आवाज चढला.

"झाली हो. पण सातवीचं लेखन कसं असतं, ते बघा." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे अँडर्सचा निबंध टाचलेला होता, वर लाल शाईत शाबासकी. मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराच्या अंगावर चढवलं, की मेलेल्याची आई वासाला फसते आणि पोरक्याला आपलं समजून दूध पाजते, त्यावर लिहिलेला.

मारेनचे कान तापले. निबंध तिचा होता, शब्द न् शब्द. ते कातडं तिनं स्वतःच्या हातांनी चढवलं होतं, आणि अँडर्स तेव्हा सामना खेळायला परगावी गेला होता. एक वाक्य बोलायची खोटी, आठवी तिचीच. पण मग अँडर्सचं काय? तिनं दात आवळले. गप्प बसणं तिला इतकं जड कधी गेलं नव्हतं.

अँडर्सनं तिच्याकडे पाहिलं आणि तो खुर्चीत चुळबुळला.

"सर, तो हिचा आहे."

"काय?"

"निबंध. सगळाच गृहपाठ हिचा. वर्षभराचा."

"अँडर्स!" जॅनेल ओरडली.

"परीक्षा माझ्या मीच दिल्या, मॉम. म्हणून तर काठावर पास झालो."

प्रुइट लालबुंद झाले. त्यांनी पेन टेबलावर आपटलं. "ठीक आहे. मारेन आठवीत. आणि तू पुन्हा सातवीत. नियम म्हणजे नियम."

मारेनला हसावं की रडावं कळेना. वर्षभर राबून तिनं मिळवलं काय, तर तीच ताटातूट, फक्त उलटी. आणि हा शहाणा ऐन वेळी खरं बोलून आता बुटांकडे बघत बसला होता. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि तितकीच मायाही दाटून आली.

"नको," ती म्हणाली.

"काय नको?"

"तुमची आठवी. मी ती घरी करते, आणि याच्याकडून सातवी-आठवी दोन्ही करून घेते. पुढच्या ऑगस्टात आम्ही दोघं नववीला येऊ. घ्या तेव्हा परीक्षा."

"याच्याकडून? अगं, याला एक इयत्ता धड झेपत नाही!"

"बरोबर बोलताहेत सर," अँडर्स घाईनं म्हणाला. "मला कुणी विचारलंय का?"

"नाही!" मायलेकी एकदमच म्हणाल्या.

जॅनेल उठली. "गृहपाठ ज्याचा त्यानं करायचा. हिचं एक अक्षर तुझ्या वहीत दिसलं, तर वर्षभर मेंढवाडा तू एकटा झाडशील. आणि मारेन, तुला घरी गेल्यावर बघते."

गाडी गावाबाहेर पडायच्या आत मारेननं त्याला अपूर्णांकाचं गणित घातलं. त्याचं उत्तर चुकलं.

"परत," ती म्हणाली.