अक्रोडाची नोंद

जेरोम ऑल्डविंकल यांनी मुलांसाठी 'नऊ पाण्यांचा प्रदेश' ही अद्भुत कथांची माला लिहिली, नाव कमावलं आणि मग ते वारले. त्यानंतर त्यांच्या जिवावर जगणाऱ्यांची पैदास सुरू झाली. कथेतलं अमुक बेट खऱ्या कुठल्या गावावरून घेतलं, चेटकिणीचं पुडिंग घरी कसं करायचं, साहेब कुठल्या खुर्चीत बसून लिहीत आणि त्या खुर्चीच्या गादीचा रंग काय होता, असल्या माहितीच्या जाडजूड गाईडांनी ऑक्सफर्डच्या पुस्तकांच्या दुकानात एक अख्खी फळी अडवली होती. प्रुडन्स टॅटरसॉलच्या मते त्यातलं एक गाईड सोडलं तर बाकी सगळी रद्दी होती. ते एक अर्थात तिचं स्वतःचं होतं.

शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी सांभाळून तिने उभी हयात त्यात घातली होती. पुराव्याशिवाय एक वाक्य लिहायचं नाही, हा तिचा बाणा. आणि डेझमंड पिम नावाचा तो ऐतखाऊ दरवेळी तिची नवी आवृत्ती निघाली की वर्षभरात आपलं पुस्तक काढायचा. तिच्याच नोंदी, फक्त वर साखर पेरलेली. ऑल्डविंकलसाहेबांसारखी जाकिटं घालायचा, न पेटवलेला पाइप तोंडात धरायचा आणि सभांमधून 'आपले जेरोम' असं म्हणायचा, जसं काही दोघं एका ताटात जेवले होते.

कोश करणाऱ्यांत एक जुनी चाल आहे. चोर पकडायचा तर आपल्या पुस्तकात एक धादांत खोटी नोंद घालून ठेवायची; ती दुसऱ्याच्या पुस्तकात उगवली की चोरी उघडी पडली. प्रुडन्सनेही मागच्या आवृत्तीत तेच केलं. स्वयंपाकघरात सूप गरम होईपर्यंत तिने 'अक्रोड' या शब्दाखाली लिहून टाकलं: 'मुलगी हॉनर गोवराने आजारी असताना जेरोम यांनी अक्रोडाच्या टरफलात मेणबत्तीचा तुकडा उभा करून ते तिच्या उशाशी पाण्याच्या भांड्यात तरंगवलं. मालेतली दिव्याची नाव त्यावरून सुचली.' लिहिताना तिला हसू आवरत नव्हतं. साहेबांची पत्रं वाचलेल्या कोणालाही ही थाप आहे हे कळायला हवं होतं. हा माणूस जगभरच्या पोरांना स्वतःच्या हाताने उत्तरं लिहायचा आणि वसतिगृहात टाकलेल्या स्वतःच्या पोरीची पत्रं टायपिस्टकडे सरकवायचा. पुस्तकांवर प्रुडन्सचा जीव होता, पण ती लिहिणाऱ्याबद्दल तिला फारसा आदर उरला नव्हता.

पिमने गळ गिळला. त्याच्या नव्या पुस्तकात अक्रोडावर अख्खं प्रकरण होतं, थरथरती ज्योत आणि बापाच्या डोळ्यांतलं पाणी यांसकट.

आणि मुहूर्तही झकास साधला. मालेच्या पंच्याहत्तरीनिमित्त प्रकाशक एकच अधिकृत गाईड काढणार होते, बाकीची फळीवरून उतरणार होती. निवड सोपवली होती मिस हॉनर ऑल्डविंकल यांच्यावर. साहेबांची ही एकुलती एक मुलगी आता ऐंशी पार केलेली, लग्न न केलेली आणि एकटी राहणारी. चाहत्यांच्या मंडळाच्या वार्षिक चहाच्या वेळी त्या निकाल देणार होत्या.

चर्चच्या हॉलमध्ये चहा होता. टकलं पडलेले वकील आणि दातांचे डॉक्टर डोक्याला मालेतल्या मत्स्यराजाचे कागदी मुकुट लावून काकडीची सँडविचं खात होते. प्रुडन्सने मुकुट नाकारला. पिमने अपेक्षेप्रमाणे वाचायला अक्रोडाचं प्रकरणच निवडलं, आणि वाचताना योग्य जागी आवाजही कापरा केला. त्याचं संपताच ती उठली.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं, डेझमंड?"

"सगळ्यांना ठाऊक आहे ते."

"सगळ्यांतल्या एकाचं नाव सांगा."

पिमने पाइप या हातातून त्या हातात घेतला. मुकुट घातलेली डोकी वळली. प्रुडन्सच्या जिभेवर वाक्य तयार होतं आणि कित्येक वर्षांत ती इतकी खूश झाली नव्हती.

"मला विचार की," पुढच्या खुर्चीतून मिस हॉनर म्हणाल्या. "आजारी मी होते."

मग त्या सांगत राहिल्या. गोवरात उजेड सोसत नाही म्हणून पडदे ओढलेले होते. बाबा कोट न काढताच भांड्यात फुंकर घालत बसले, बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. टरफल काठाला लागलं की ते बोटाने हळूच मध्ये ढकलायचे. बोलताना म्हातारीचं बोट हवेत तसंच हलत होतं.

यातलं काही घडलेलं नाही, हे त्या हॉलमध्ये एकट्या प्रुडन्सला ठाऊक होतं. तिने स्वतःच ती आवृत्ती बाईंना नाताळात भेट पाठवली होती. बाईंनी त्या ओळी वाचल्या असणार, पुन्हा वाचल्या असणार, आणि रिकाम्या बालपणात त्या कुठेतरी बसवून घेतल्या असणार. आता एका वाक्यात पिम आडवा झाला असता, तिचं गाईड तरलं असतं. तिने पिमकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर रंग परत आला होता आणि तो केकला हात घालत होता. तिला त्याची इतकी किळस आली की वाक्य जवळजवळ निसटलंच.

"काही नाही," ती म्हणाली. "एवढंच विचारायचं होतं." आणि खाली बसली.

निवड पिमची झाली. मिस हॉनरनी कारणही दिलं. प्रुडन्सचं पुस्तक बिनचूक आहे, पण त्या आजारपणाबद्दल तिने दोनच ओळी खरडल्या, आणि या गृहस्थांनी कसं मनापासून लिहिलंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रुडन्सनेही वाजवल्या.

जाताना कोट टांगलेल्या खोलीत म्हातारीने तिचं मनगट धरलं.

"पहिल्यांदा छापलंस तू. मी कधी कोणापाशी बोलले नव्हते, मला स्वतःलाच विसर पडला होता. म्हणजे बाबांनीच कोणाला तरी सांगितलं असणार. हो ना?"

प्रुडन्सला ते मनगट सोडवून घ्यायचं होतं. "हो," ती म्हणाली.

"कोणाला?"

"त्यांच्या टायपिस्टबाईंना. त्या गेल्या आता."

"काय म्हणाले होते?"

पिमदेखील लाजला असता असलं वाक्य प्रुडन्सच्या तोंडून अगदी सहज बाहेर पडलं. "म्हणाले होते, ही पुस्तकं लोकांच्या मुलांसाठी नाहीत. हॉनरसाठी आहेत. तिला तोंडावर सांगायला जमत नाही, एवढंच."

मिस हॉनर बराच वेळ हातमोज्याशी चाळा करत राहिल्या.

"मग हे पुस्तकात का नाही घातलंस, वेडे?"

"पुरावा नव्हता, मिस हॉनर," प्रुडन्स म्हणाली, आणि तिने म्हातारीपुढे कोट धरला.