कुइकोचाची पूर्ण फेरी

रविवारी सकाळी फाउस्तो कॉफीसुद्धा उभ्या उभ्याच प्यायचा. त्याचं चामड्याचं दुकान. कोटाकाची गावात बूट-जाकिटांचं गिऱ्हाईक येतं ते रविवारीच, त्यामुळे "पापी, तळ्यावर ने ना" हे बापाला 'पापी' म्हणणाऱ्या लेकीचं, दोमेनिकाचं पालुपद त्याच्या कानावरून नुसतं वाहून जायचं. त्या रविवारी त्याची नवी बायको नार्सिसा म्हणाली, "मी नेते. छोट्या वाटेनं जाऊ. अर्ध्या तासाचं तर काम."

फाउस्तोनं कप खाली ठेवला. "तू? बाजाराचा चढ चढताना तुला धाप लागते!"

"म्हणून तर छोटी वाट म्हटलं ना."

नार्सिसा समुद्रकाठची, मानाबीची. लग्न करून डोंगरात आल्याला तिला पाच महिने झाले होते. फाउस्तोची पहिली बायको रोसाउरा दीड वर्षापूर्वी आजारपणात गेली, मागे दोन मुली ठेवून. धाकट्या सामीला आई आठवतच नव्हती. ती तीन वर्षांची पोर पहिल्याच आठवड्यात नार्सिसाच्या मांडीवर येऊन बसली. थोरली दोमेनिका मात्र लांबच राहिली. तिला नुकतंच आठवं सरलं होतं. बापाला ती तू म्हणायची, नार्सिसाला 'तुम्ही'. त्या 'तुम्ही'त आदर कसला? दारात आलेल्या विक्रेत्याला म्हणावं, तसं ते होतं.

नार्सिसानं उकडलेला मका, चीज, केळ्याचे काप बांधून घेतले आणि सामीला शालीत बांधून पाठीवर टाकलं. मालवाहू जीपनं तिघी कुइकोचा तळ्याच्या फाटकाशी उतरल्या. तिथून दोन वाटा फुटत होत्या.

"यातली छोटी कुठली गं?"

"ही, उजवीकडची," दोमेनिका म्हणाली. पापणीसुद्धा लवली नाही तिची.

उजवीकडची वाट लगेच चढाला लागली. खाली ज्वालामुखीच्या कढईत तळं निळंशार पडलेलं, मधोमध दोन बेटं पाठ वर काढून बसलेली. वारा गवत एका अंगानं झोपवत होता. नार्सिसाला हे सगळं बघायचं होतं, पण तिची नजर आपल्याच पायांवरून हलेना. वीस पावलं टाकली की थांबायचं, छाती धरायची, परत वीस पावलं.

दोमेनिका वरच्या वळणावर कमरेवर हात ठेवून उभी. "माकड दमलं वाटतं!"

डोंगरातले लोक किनाऱ्यावरच्यांना माकड म्हणून चिडवतात. नार्सिसानं ते दुकानात ऐकलं होतं, बाजारात ऐकलं होतं, घरात आज पहिल्यांदाच.

"अगं, माकडं चढण्यात पटाईत असतात," ती धापा टाकत म्हणाली. "मी कसली माकड? मी मासा. पाण्याबाहेर काढलेला."

दोमेनिकाला हसू आलं, तशी ती घाईघाईनं पाठ करून पुढे चालू लागली.

तास झाला, तरी अर्ध्या तासाची वाट संपेना. शेवटी एका कड्यावर लाकडी बाक लागला आणि शेजारी फळी. फळीवर लिहिलं होतं: पूर्ण फेरी, अजून चार तास.

नार्सिसानं ते दोनदा वाचलं. डोकं ठणकत होतं, पाठीवर सामी झोपून जड झाली होती. ती बाकावर बसली ती बसलीच.

"दोमे, इकडे ये. छोटी वाट कुठली होती?"

दोमेनिका बुटाच्या टोकानं माती उकरत राहिली.

"डावीकडची. हो ना?"

"हो."

"मग खोटं का बोललीस? मी दमावं, परत घरी जावं, आणि पापीनं म्हणावं हिला काही जमत नाही, असं?"

"नाही!" पोर एकदम ओरडली. "म्हणजे... थोडंसं. पण तेवढंच नाही." मग तिनं बाकाकडे बोट दाखवलं. "मम्मीबरोबर मी इथपर्यंत आले होते. मी सहा वर्षांची होते. सामी अशीच पाठीवर होती. माझे पाय दुखायला लागले म्हणून आम्ही परत फिरलो. मम्मी म्हणाली, तू आठ वर्षांची झालीस की पूर्ण फेरी मारू." ती थांबली. "मी झाले आठची. पापी येतच नाही. तळ्याचं नाव काढलं की त्याला दुकान आठवतं."

रागवायची तयारी नार्सिसानं केली होती, तो राग आता कुठे ठेवावा तेच तिला कळेना. तिनं पुढच्या वाटेकडे पाहिलं, आणि पलीकडच्या सुळक्यावरून उतरत येणारे ढग पाहिले.

"आज नाही व्हायची पूर्ण," ती म्हणाली. "चार तास मला झेपणार नाहीत. पाठीवर हे पोतं आहे आणि वर ढग."

"वाटलंच होतं. तुम्ही पण तशाच."

"ऐक तर. इथपर्यंत तू आली होतीस ना? इथून पुढे नव्हतीस?"

"नाही."

"मग ते पुढचं वळण दिसतंय, तिथपर्यंत जाऊ. तेवढं तर नवीन होईल. मग मागे."

दोमेनिकानं वळणाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "तिथपर्यंत पोचाल?"

"रांगत का होईना."

रांगावं लागलं नाही, पण पंधरा मिनिटं लागली. वळणापलीकडे तळ्याची दुसरी बाजू उघडली: सरळ तुटलेले कडे, पाण्यावर पडलेली ढगाची सावली, आणि लांब खाली मुंगीएवढी एक होडी. सामी जागी झाली आणि "भूक!" म्हणाली. तिघींनी तिथंच मका खाल्ला. केळ्याचे काप दोमेनिकानं आधी नाक मुरडून घेतले आणि मग पिशवी रिकामी केली.

उतरताना धुकं आलं. एका ओल्या दगडावरून नार्सिसाचा पाय घसरला, सामीसकट ती गुडघ्यावर आली.

"हात धर!" दोमेनिका ओरडली. "माझा हात धर, खाली बघू नकोस! तिरपी चाल, मम्मी अशीच चालायची." फाटक येईपर्यंत तिनं नार्सिसाचा हात सोडला नाही. पण घरी पोचल्यावर परत 'तुम्ही' सुरू झालं. नार्सिसानंही विषय काढला नाही.

संध्याकाळी फाउस्तोनं तिचा सुजलेला गुडघा पाहिला. "छोट्या वाटेवर पडलीस?"

नार्सिसा 'वाट मीच चुकले' असं म्हणणार, तेवढ्यात दोमेनिका दारातून म्हणाली, "मी फसवलं. मोठ्या वाटेनं नेलं. बाकाच्या पुढे गेलो आम्ही."

बाक म्हटल्यावर फाउस्तोचा चेहरा उतरला. तो हातातला पट्टा उलटसुलट करत बसला. मुली आत गेल्यावर म्हणाला, "मला तिथं जाववत नाही, नार्सिसा."

"माहीत आहे. पण पोरीला जावंसं वाटतं. आणि ती तुझ्यामुळे अडलीय, ढगांमुळे नाही."

"रविवारचं गिऱ्हाईक..."

"रविवार वर्षात बावन्न येतात. एक दे तिला."

त्यानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नार्सिसानं मात्र रोज संध्याकाळी बाजाराचा चढ चढायचा परिपाठ ठेवला. सुरुवातीला एकटीच. मग दोमेनिका सोबत येऊ लागली, दर वेळी किती ठिकाणी थांबलो ते मोजत. "आज फक्त दोनदा! मासा सुधारला."

जुलैत तिकडचा पाऊस सरला. एका शनिवारी फाउस्तोनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'उद्या दुकान बंद' असं लिहिलं आणि कुणाशी न बोलता शटरला चिकटवून आला.

फेरीला सहा तास लागले. बाकाशी आल्यावर फाउस्तो तळ्याकडे तोंड करून बसला. त्याचे खांदे हलत होते. दोमेनिका त्याला टेकून बसली. नार्सिसा सामीला घेऊन पुढच्या वळणावर गेली आणि त्या दोघांना हवा तेवढा वेळ तिथंच थांबून राहिली. मग ते आले, आणि चौघं पुढे निघाली. त्या वळणापुढची वाट घरात कुणीच पाहिली नव्हती. कुठे झाडीतून, कुठे कड्यावरून, कुठे चिखलातून. फाउस्तोनं दोनदा वाट चुकवली आणि दोन्ही वेळा खापर फळीवर फोडलं. सामी शेवटचा उतार आपल्या पायांनी उतरली आणि भेटेल त्याला सांगत सुटली, की सगळं मीच चालले.

फाटकाशी चौघं गवतात आडवी झाली. दोमेनिकानं बूट काढून पाय वाऱ्याला दिले.

"नार्सिसा, तुमच्या मानाबीत डोंगर आहेत?"

"टेकड्या आहेत. आणि पुढे समुद्र. ओहोटीला वाळूवरून दिवसभर चालता येतं."

"मला पोहता येत नाही."

"मला येतं."

दोमेनिका तिच्याकडे कुशीवर वळली. "मग डिसेंबरच्या सुट्टीत जाऊ. तिथं तू पुढे चाल, मी मागून येते."