कडू कागद

राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत प्रत्येक संकटाला दोन भाषणं लिहितात. एक निभावलं तर वाचायचं, दुसरं नाही निभावलं तर. लिहिणारी मंडळी आपसात त्यांना गोड कागद आणि कडू कागद म्हणतात. जो लागत नाही त्याचा त्याच दिवशी यंत्रात घालून भुगा करायचा आणि पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. रोवेना टॅकेट सहा वर्षं हेच करत होती, आणि तिच्या कडू कागदांची त्या इमारतीत ख्याती होती. भुगा करणारी माणसंसुद्धा आधी ते वाचून घेत.

या वेळी कागदावर तिचा सख्खा भाऊ होता.

सोमवारी सकाळी वेस्ट व्हर्जिनियात, तिच्याच गावच्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि अकरा माणसं आत अडकली. ओरेन त्यातला एक, रोवेनाच्या पाठचा, चौतीस वर्षांचा. खाणीला आग लागलेली, वरून यंत्राने भोक पाडणं चालू. बुधवारी लेलँड क्रॉस तिच्या टेबलाशी आला. हा राष्ट्राध्यक्षांचा उजवा हात. त्याच्या परवानगीशिवाय तिथे पानही हलत नसे.

"दोन्ही तूच लिही," तो म्हणाला. "तुझी माणसं आहेत, त्यांची भाषा तुला येते."

"लेलँड, माझा भाऊ आहे आत."

"म्हणून तर तुला सांगतोय, बाई."

असला हा मेला! दगडाला पाझर फुटेल, याला नाही फुटायचा. तिला नाही म्हणता आलं असतं. पण तिला वाटलं, आपण या इमारतीत असलो तर ओरेनला कुणी विसरणार नाही. म्हणून ती बसली लिहायला.

गोड कागद काही केल्या जमेना. त्यांच्या गावात खाणीतला माणूस वर येऊन दारात उभा राहीपर्यंत 'आला' म्हणत नाहीत, नाव घेऊन तर नाहीच. लहानपणी ती एकदा "बाबा आले" म्हणून ओरडली तेव्हा आईने फाडकन थोबाडीत दिली होती. बाबा आले, तासाभराने आले, पण गाल दोन दिवस सुजलेला होता. आता वॉशिंग्टनमध्ये राहून, एवढी शिकून, तिची बोटं 'ओरेन सुखरूप आहे' लिहायला तयार होईनात. शेवटी तिने नावं गाळून, बचाव पथकाचे आभार मानून पान उरकलं. सरकारी खात्याचं पत्रक बरं, असं झालं ते.

कडू कागद मात्र सरसर उतरला. तिथे तिला कुणाची भीती नव्हती. वाईट लिहून ठेवलं की वाईट टळतं, असंच तिने मनाशी धरलं होतं. ओरेन खाणीत उतरण्याआधी बायकोच्या गाडीच्या काचेवरचं दव बाहीने पुसून ठेवायचा, हे लिहिलं. डब्यातला अर्धा पाव नव्या कामगाराला द्यायचा आणि मला भूकच नाही म्हणायचा, हे लिहिलं. इतर दहा जणांच्या घरी फोन करून त्यांचंही एकेक लिहिलं. रडत लिहिलं, आणि रडता रडता वाक्यं घासूनपुसून लख्ख केली. सवय ती, जाते कुठे!

गुरुवारी सकाळी अकरा वाजता राष्ट्राध्यक्ष हॉलिस दोन्ही कागद मोठ्याने वाचून बघायला बसले. लेलँड आणि रोवेना समोर होते. टेबलावर फोन उघडा होता, त्यावर खाणीवरून बचाव पथकाचा प्रमुख बक्स्टन बोलत होता.

"साहेब, भोक पोचायला दहा तास लागतील. काल दुपारी आतून लोखंडावर ठोकल्याचा आवाज आला होता. आज नाही आला."

"आणि आग?" लेलँडने विचारलं.

"वाढतेय. माझ्या पथकाची सहा पोरं आत आहेत. पुन्हा स्फोट झाला तर तीही जातील. खाणीचं तोंड बंद केलं तर आग विझेल, पण मग आतलं कुणी..." त्याने लगेच पुढे म्हटलं, "पण मला विचाराल तर दहा तास द्या."

"कुणी जिवंत सापडायची संधी दहात किती?"

"एक, साहेब. फार तर दोन."

हॉलिसनी गोड कागद उचलला, अर्धा वाचला, जांभई दाबली आणि खाली ठेवला. मग कडू उचलला. गाडीच्या काचेपाशी त्यांचा आवाज अडखळला. अकराव्या नावाला त्यांनी चष्मा काढला. दाराशी उभा असलेला रक्षकसुद्धा डोळे पुसत होता. आणि रोवेनाला, देवा, त्या क्षणी बरं वाटलं! हे वाक्य बसलं, हेही बसलं, असं ती मनात म्हणत होती.

"पोरी," हॉलिस म्हणाले, "तुझ्या भावाचं हे?"

"हो, साहेब."

"त्याला तुझ्याएवढं कोण ओळखतं! तूच आशा सोडलीयस. दिसतंय की कागदावर."

ती पुढे झाली. "नाही साहेब! तो नुसता मसुदा आहे. दोन लिहायची पद्धत आहे आपली..."

"मसुदे मीही पुष्कळ पाहिले. यात जीव ओतलाय. आणि त्या दुसऱ्यात?" त्यांनी गोड कागद दोन बोटांत धरला. "यात एक नाव तरी आहे का?"

"भीतीने नाही घेतलं, साहेब! आमच्याकडे नाव घेत नाहीत..."

"पुरे, रोवेना," लेलँड म्हणाला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी हळू. "सहा जिवंत माणसांचा प्रश्न आहे. तू थकलीयस." मग फोनकडे वाकला. "बक्स्टन, पोरांना बाहेर काढ. तोंड बंद करा."

यंत्राच्या घरघराटातून बक्स्टन म्हणाला, "बरं."

ती ओरडली, टेबलावर हात आपटले. "दहा तास! दहाच तास मागतोय तो!" रक्षकाने तिला दंडाला धरून बाहेर नेलं. नेता नेता तो पुटपुटला, "फार सुंदर लिहिलंय तुम्ही, बाई."

तीन वाजता हॉलिस देशाशी बोलले. देश रडला. चार वाजता आईचा फोन आला.

"टीव्हीवर पाहिलं गं," आईचा आवाज बसला होता. "त्या साहेबाला आपल्या ओरेनचं एवढं कसं ठाऊक? तूच लिहिलंस ना?"

"हो, आई."

"वाटलंच मला. गाव सगळं म्हणतंय, रोवेनाने भावाचं सोनं केलं." मग तिने विचारलं, "खरं सांग, त्यांनी शेवटपर्यंत बघितलं ना? सोडून नाही ना दिलं माझ्या लेकराला?"

रोवेनाने डोळे मिटले. "शेवटपर्यंत बघितलं, आई."

"बरं झालं. शनिवारी पेटी पुरायचीय. खाण काही वर्षभर उघडत नाहीत म्हणे, मग पेटीत ठेवायचं काय? रिकामी पुरवत नाही गं. तेवढं भाषण पाठवशील? छान जाड कागदावर?"

"पाठवते."

तिने फोन ठेवला आणि भाषण पडद्यावर उघडलं. तिसऱ्या परिच्छेदात 'अंधार' हा शब्द दोनदा आला होता. तिने एक काढला, वाक्य पुन्हा एकदा वाचून पाहिलं आणि मग छापायला दिलं.