टोपीची कड

"आमच्या बुरुलायनेच काढलाय फोटो," तिची आई, आपा, थडग्याच्या दगडावर चेहरे कोरणाऱ्या तेमिर उस्ताला सांगत होती. "साऱ्या नारिन गावच्या लग्नांचे फोटो काढते ही. बापाचा काय वाईट काढेल?"

बुरुलायने मांडीवरच्या लेकीला, मीरिमला, उगाचच सरळ केलं. पिशवीतला लिफाफा काही तिला काढवेना. आईला अजून ठाऊक नव्हतं.

बुरुलायच्या वडिलांनी, शारशेन आकेंनी, जन्मभर फोटो काढू दिला नव्हता. "फोटो मेलेल्याच्या दगडावर असतो. जिवंतपणी कशाला हवा?" असं म्हणून ते मेंढ्यांकडे निघून जायचे. पण धाकट्या मुलाच्या लग्नाला, छातीचं दुखणं वाढलेलं असताना, ते स्वतःहून म्हणाले, "आज एक काढ. नातीबरोबर. एकच हं."

तेव्हा बुरुलाय आत नव्या सुनेचे फोटो काढत होती. सून रिवाजाप्रमाणे कोपऱ्यात जाड लाल पडद्यामागे बसलेली, डोईवरचा रुमाल नाकापर्यंत ओढलेला. तिथे मिट्ट अंधार. "पोरीच्या डोळ्यांत वीज चमकवू नकोस गं, पहिलाच दिवस आहे तिचा," असं आपाने बजावलेलं. मग बुरुलायने कॅमेऱ्याचा आयएसओ चढवत चढवत पार वर नेला. उजेडाचा थेंब न थेंब कॅमेऱ्याने पिऊन घ्यावा, असा.

बाहेर जाताना उंबऱ्यावर पाय पडला की तिचा अंगठा आपोआप कॅमेऱ्याच्या चाकावर जाई आणि आयएसओचा आकडा खाली आणी. इतकी वर्षं चुकलं नव्हतं. त्या दिवशी उंबऱ्यावरच कुणीतरी रडणारी मीरिम तिच्या हातात दिली. पान्हा फुटून झगा ओला झाला होता. एका हाताने तिने मुलीला थोपटलं, दुसऱ्याने कॅमेरा सावरला, आणि अंगठा रिकामा राहिलाच नाही. आकडा वरच राहिला.

अंगणात गुडघाभर बर्फ आणि डोळे दिपवणारं ऊन. आकेंनी पांढरी टोपी नीट केली, नातीला छातीशी घेतलं. मीरिम गप्प झाली. ते हसले. तिने कळ दाबली. उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर काहीच दिसत नव्हतं.

"झालं?"

"झालं, आके."

संध्याकाळी तिने पाहिलं. सगळं पांढरंफटक. बर्फ, टोपी, दाढी, गाल, बाळाचं दुपटं, सगळं एकात एक विरलेलं. टोपीच्या काळ्या मखमली काठाची तेवढी एक रेघ उरली होती. संगणकावर तिने उजेड किती कमी केला! पांढऱ्याचं राखाडी झालं, पण त्यातून चेहरा काही वर आला नाही.

दुसऱ्या दिवशी ती हळूच म्हणाली, "आके, अजून एक काढूया?"

"एकच म्हटलं होतं ना? तू काढलायस म्हणजे चांगलाच आला असणार." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताखाली तिला खरं बोलवलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू. बर्फ वितळायला लागला आणि आके गेले.

"दे की गं, उस्ताचा वेळ का खातेस?" आपा म्हणाली.

बुरुलायने लिफाफा पुढे केला.

उस्ताने फोटो उजेडाकडे धरला, उलटा केला, परत सुलटा केला. "पोरी, मी काळ्या दगडावर ठिपके टोचतो. जिथे टोचतो तिथे पांढरं होतं. यावरून कोरायचं तर सगळा दगडच टोचत बसू का?" तो हसला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि हसू गिळलं.

आपाने फोटो त्याच्या हातातून ओढून घेतला, नाकाशी नेला. बराच वेळ पाहत राहिली.

"माझ्याच डोळ्यांना दिसत नाहीये का?" तिने विचारलं. "बुरुलाय? सांग ना. मीरिम कुठे आहे यात? हे कुठे आहेत?"

बुरुलायने बोट ठेवलं त्या काळ्या रेघेवर. "इथे, आपा. याच्या खाली."

मग आईला सगळं सांगितलं. पडदा, उंबरा, चाक. आपा रागावली नाही. तिने डोईच्या रुमालाच्या टोकाने फोटो पुसला, धूळ बसली असावी तसा. एकदा पुसला, पुन्हा पुसला.

मीरिमने हात पुढे करून तो कागद मुठीत धरला. कुणी सोडवून घेतला नाही.

"टोपीची कड येईल कोरता," उस्ता म्हणाला. त्याने दगडावर खडूने एक वाकडी रेघ ओढली आणि खडू तसाच धरून थांबला. "तिच्याखाली काय घालू?"