आतल्या खोलीतली कृपा

"गुरुजींचा हात लागला की पोर गप्प!" अशी ख्याती झाल्यावर गर्दीला काय तोटा? हॉल खचाखच भरला होता. कोपऱ्याकोपऱ्यात लाऊडस्पीकर, डोक्यावर ट्यूबलाइटांची रांग, दारात येणाऱ्या-जाणाऱ्यावर अत्तराचा फवारा मारणारा सेवक. आणि रांगेत आईबापांच्या हाताला हिसके देणारी, किंचाळणारी, स्वतःलाच चावणारी पोरं.

त्या रांगेत सलूनवालाही बायको-पोरासह उभा होता. अख्ख्या गावाची डोकी त्याच्या हाताखालून गेली होती, एक आपल्या पोराचं सोडून. मशीनचा आवाज झाला की टिल्लू घर डोक्यावर घ्यायचा. आठ वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. डॉक्टरांनी 'स्वमग्न' असा शब्द सांगितला होता, पण शब्द कळला म्हणून झोप काही परत येत नाही. नवरा-बायको इतकी थकली होती, की भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

ही तिसरी खेप. आधी दोन्ही वेळा चमत्कार डोळ्यांदेखत झाला होता. हॉलमध्ये गडबडा लोळणाऱ्या टिल्लूला गुरुजींनी आतल्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि थोड्या वेळाने उघडलं तर पोरगं जाडजूड रजईखाली निवांत! लोकांनी टाळ्या पिटल्या, टिल्लूच्या आईने गुरुजींचे पाय धरले. घरी पोचेपर्यंत ती कृपा उतरायची, ही गोष्ट वेगळी.

ती का उतरते, याचंही उत्तर गुरुजींकडे तयार होतं. "पोरावर आईची छाया आहे! सहा महिने त्याला इथे ठेवा. आईने तोंडसुद्धा दाखवायचं नाही." आज त्याला सोडून जायचं होतं. बायकोने कपड्यांची पिशवी भरून आणली होती.

"तुला पटतंय हे?" सलूनवाल्याने हळूच विचारलं.

"मी लांब राहिल्याने तो बरा होणार असेल, तर राहते मी लांब." तिचे डोळे कोरडे होते, आणि तेच त्याला बघवेना.

तेवढ्यात गुरुजी मंचावर अवतरले. "माझ्या तळहातातून लहरी निघतात! विज्ञान जिथे थांबतं, तिथे माझा हात सुरू होतो!" माईकने कर्कश शिट्टी घातली. टिल्लू भिंतीवर डोकं आपटायला लागला. बापाने त्याला उचललं आणि जरा मोकळी हवा मिळावी म्हणून बाहेरून इमारतीच्या मागे नेलं.

तिथे आतल्या खोलीचं मागचं दार सताड उघडं होतं. राखणीचा सेवक चहाला गेला असावा. खाली उतरवताच टिल्लूने हिसडा मारून हात सोडवला, थेट आत गेला आणि रजई अंगावर ओढून घेतली. जरा वेळाने त्याचा श्वास संथ झाला.

सलूनवाला दारातच थबकला. गुरुजी तर अजून मंचावर घसा फोडत होते. मग हात लागला कुणाचा?

तो जमिनीवर बसला आणि पहिल्यांदाच कान देऊन ऐकू लागला. जाड भिंतींपलीकडून गुरुजींचा आवाज जेमतेम येत होता, बाकी काही नाही. खाली जाड गालिचा, खिडकीला जाड पडदे. ट्यूब नाही, पंखा नाही, अत्तर नाही. रजई उचलून पाहिली, तर मणभर जड. टिल्लूच्या शाळेतल्या बाईंचं बोलणं त्याला आठवलं. "आपलं डोकं नको ते आवाज मागे सारतं. याचं सारत नाही. पंखा, भांडी, तुमची हाक, सगळं एकदम अंगावर येतं. हलका स्पर्श त्याला टोचतो, वजनदार पांघरूण धीर देतं. प्रत्येक मुलाचं वेगळं असतं, तुम्ही याचं ओळखा." त्या दिवशी त्याने गिऱ्हाइकाच्या गप्पांना डोलवावी तशी नुसती मान डोलावली होती.

एवढ्यात हॉलकडचं दार उघडलं. टिल्लूला शोधत गुरुजी, त्याची आई आणि मागे गर्दी.

गुरुजी क्षणात सावरले. "पाहिलंत? माझी लहर भिंत भेदून आत पोचली!"

"मग हॉलमध्ये का नाही पोचली, गुरुजी? तिथे तर तुम्ही समोरच होतात."

कुणीतरी खुदकन हसलं. गुरुजी कडाडले, "शंका घेतली की लहर आटते!"

"शंका मला आत्ता आली. पोरगं तर मघाशी ओरडत होतं."

उत्तराची वाट न बघता तो हॉलमध्ये गेला. "जरा गप्प बसा सगळे. माझ्यासाठी नको, या पोरांसाठी." निम्मी मंडळी त्याची गिऱ्हाइकं, म्हणून बसली. त्याने लाऊडस्पीकर बंद केला, ट्यूब बंद केल्या. खिडक्यांतून भरदिवसाचा उजेड येतच होता. काही वेळाने टिल्लू रजई ओढत बाहेर आला, गर्दीकडे न बघता खिडकीशी बसला आणि उन्हात तरंगणारी धूळ बघू लागला. रांगेतली आणखी दोन पोरं हळूहळू शांत झाली. गुरुजी अजून आतल्या खोलीतच होते.

सेवकाने रागाने खटाखट सगळी बटणं दाबली. ट्यूबांची ती गुणगुण त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू आली. टिल्लूने कान गच्च झाकले. "बंद कर रे ते!" मागून एक बाई ओरडली आणि पुढे येऊन तिनेच बटणं बंद केली.

"हीच ती कृपा," सलूनवाला म्हणाला. "आधी इथे छळायचं, मग आत नेऊन सोडवायचं. चटका यांचाच आणि फुंकरही यांचीच. पोरं कशाने शांत होतात हे यांना ठाऊक नसतं, तर एवढी जड रजई कशाला शिवून घेतली असती?"

"म्हणजे पोरगं बरं व्हायचं नाही?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"तो आजारी नाही, आजोबा. वेगळा आहे. उद्याही किंचाळेल, आणि मी उद्याही दमेन. पण का किंचाळतो, ते शोधेन."

आई टिल्लूच्या शेजारी जाऊन बसली, हात न लावता. "कान झाकून हा इतकी वर्षं सांगतच होता," ती म्हणाली, "आणि मी स्वतःलाच पापी समजत बसले." मग ती रडली, पोटभर. टिल्लू उठून गेला नाही.

गुरुजींना दुसरं गाव मिळेल, दुसरी गर्दीही मिळेल. थकलेल्या माणसाला चमत्कार फार लवकर पटतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. म्हणून एवढंच सांगणं, की पोर ओरडलं तर अंगारा-धुपाऱ्याकडे धावण्याआधी त्याच्या शेजारी गप्प बसून बघा, त्याला काय ऐकू येतंय, काय टोचतंय. आणि ज्यांच्या घरी असं मूल नाही त्यांनी शेजारच्या आईला नावं ठेवण्यापेक्षा घटकाभर त्या पोराजवळ बसावं, म्हणजे तिला झोप मिळेल.